यकृतातील गंधकाची शिल्लक

मक्याच्या शेतात तण माजू नये म्हणून अ‍ॅट्राझिन फवारण्याची पद्धत अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातील, शेतकऱ्यांना नवी नाही. उसातही ते वापरले जाते. हे तणनाशक पानातील प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतील एका प्रथिनाला चिकटून बसते आणि इलेक्ट्रॉनांची वाहतूक अडवते. गंमत अशी की हे प्रथिन तणात असते तसेच ते मक्यातही असते. मग तण जळते आणि मका हिरवा राहतो, तो कसा?

मका अ‍ॅट्राझिन शोषून घेतो. परंतु त्याने घाव घालण्यापूर्वीच पानातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रेणूला ग्लूटाथायोन नावाचा दुसरा एक लहान रेणू जोडून टाकते. हा जोड बसला की अ‍ॅट्राझिनचा विषारीपणा संपतो. ज्वारी आणि ऊस हेही असेच करतात. अ‍ॅट्राझिनने मरणाऱ्या तणांना हे पुरेशा वेगाने जमत नाही, एवढाच काय तो फरक.

हाच ग्लूटाथायोन आपल्या यकृतात भरपूर असतो. तापावरची आणि अंगदुखीवरची साधी गोळी, पॅरासिटामॉल, प्रमाणाबाहेर पोटात गेली तर यकृत तगणार की नाही, हे मुख्यतः ग्लूटाथायोनच्या शिल्लकीवर ठरते. गावातल्या दुकानापासून आशाताईंच्या पेटीपर्यंत सर्वत्र मिळणारी ही गोळी योग्य मात्रेत अतिशय सुरक्षित आहे, हे आधीच सांगितलेले बरे. हा लेख वाचून कोणी तापाच्या मुलाला औषध देण्याचे टाळू नये. मात्र मात्रा ओलांडली की पेशीत नेमके काय घडते हे शिक्षकांना ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण या विषबाधेत पहिला दिवस फसवा असतो.

ग्लूटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा रेणू आहे : ग्लूटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन. त्याला हे नाव फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये दिले. जीवनसत्त्वांच्या शोधातील वाट्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले तेच हे हॉपकिन्स. सुरुवातीला त्यांना यात दोनच अमिनो आम्ले आहेत असे वाटले होते. तिसऱ्याचा पत्ता काही वर्षांनी लागला. रेणूचे सारे महत्त्व मधल्या सिस्टीनमध्ये आहे. त्याच्या टोकाशी गंधकाचा एक अणू आणि त्याला धरून हायड्रोजनचा एक अणू असतो. हा गंधक आपले इलेक्ट्रॉन सहज देऊ करतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा भुकेला असा कोणताही रेणू पेशीत हिंडू लागला की ग्लूटाथायोन त्याला आपल्या अंगावर घेतो. दोघे जोडले जातात, ती जोडी पाण्यात सहज विरघळते आणि पुढे पित्तावाटे किंवा मूत्रावाटे बाहेर टाकता येते.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिस्टीन केवळ ग्लूटाथायोनमध्ये नसते. पेशीतील असंख्य प्रथिनांत ते असते, आणि तेथेही त्याचा गंधक तितकाच उघडा असू शकतो. ग्लूटाथायोन हजर नसेल तर तो भुकेला रेणू याच प्रथिनांकडे वळतो.

पॅरासिटामॉल स्वतः असा भुकेला रेणू नाही. नेहमीच्या मात्रेत घेतल्यास त्याचे ८५ ते ९० टक्के रेणू यकृतात दोन सरळ मार्गांनी निकालात निघतात. काहींना ग्लुकोजपासून बनलेले ग्लुक्युरोनिक आम्ल जोडले जाते, तर काहींना सल्फेट. हे दोन्ही पदार्थ निरुपद्रवी असून मूत्रावाटे जातात. थोडे पॅरासिटामॉल जसेच्या तसेही बाहेर पडते. उरलेल्या ५ ते १० टक्क्यांची वाट मात्र वेगळी असते. त्यांच्यावर सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे, विशेषतः सीवायपी-२-ई-१ नावाचे विकर, काम करते आणि त्यातील दोन हायड्रोजन काढून घेते. यातून जो रेणू तयार होतो त्याचे लांबलचक नाव संक्षेपाने ‘नॅपक्वी’ असे घेतले जाते. तो इलेक्ट्रॉनांसाठी हपापलेला असतो. खरे विष तो आहे, गोळी नव्हे.

यकृत असा आत्मघातकीपणा का करते? सायटोक्रोम पी-४५० ची विकरे पॅरासिटामॉलसाठी घडलेली नाहीत. अन्नातून येणारे हजारो परके, चरबीत विरघळणारे पदार्थ पाण्यात विरघळतील असे करणे हे त्यांचे काम. बहुतेक वेळा त्यातून भले होते, क्वचित बुरे. एकाच घराण्यातील औषधांत दोन्ही पाहायला मिळते. १८८६ मध्ये तापावर अ‍ॅसिटॅनिलाइड हे औषध वापरात आले. त्याने ताप उतरे, पण रक्तातील हिमोग्लोबिन बिघडून रोगी निळसर पडत. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की अ‍ॅसिटॅनिलाइडचे शरीरात बहुतांशी पॅरासिटामॉल बनते आणि ताप व वेदना कमी करण्याचा गुण त्या पॅरासिटामॉलचाच आहे. म्हणजे तेथे औषध यकृताने तयार केले होते. त्यानंतर पॅरासिटामॉल सरळ गोळीच्या रूपाने मिळू लागले आणि त्याच्यापासून विष बनवण्याचे कामही यकृताकडेच आले.

अतिमात्रेने यकृताला इजा होते हे प्रथम १९६६ मध्ये स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी नोंदवले. तिचे कारण १९७३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेरी मिचेल, डेव्हिड जॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून उलगडले. हे प्रयोग अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहेत, कारण त्यांतील तर्क अगदी स्वच्छ आहे. उंदरांतील सायटोक्रोम पी-४५० वाढवणारे औषध आधी दिले, तर त्याच मात्रेने यकृताची इजा वाढली. ते विकर अडवणारा पदार्थ दिला, तर इजा कमी झाली. (हा पदार्थ पायपेरोनिल ब्युटॉक्साइड. कीटकनाशक फवाऱ्यांतही तो मिसळतात, ते किड्यांची हीच विकरे बंद पाडण्यासाठी.) यावरून विष पॅरासिटामॉल नसून त्याच्यापासून यकृतात बनणारे काहीतरी आहे, हे ठरले. मग किरणोत्सारी खूण केलेले पॅरासिटामॉल देऊन पाहिले. यकृताच्या प्रथिनांना ते कायमचे चिकटलेले सापडले, आणि नेमके त्याच भागात, जेथे पेशी मरत होत्या. शेवटचा धागा असा, की यकृतातील ग्लूटाथायोन सुमारे ७० टक्के खर्च होईपर्यंत प्रथिनांना जवळजवळ काहीच चिकटत नव्हते. त्यापुढे मात्र इजा वेगाने वाढत होती. आधी ग्लूटाथायोन घटवला तर थोड्या मात्रेनेही यकृत बिघडे, आणि सिस्टीन दिले तर ते वाचे.

हा ‘७० टक्क्यांपर्यंत काहीच नाही, मग एकदम’ प्रकार वर्गात दाखवता येतो. मूठ-दोन मूठ चिंचोके आणि बाटल्यांची ४० झाकणे गोळा करावीत. चिंचोका म्हणजे नॅपक्वी, झाकण म्हणजे ग्लूटाथायोन. प्रत्येक फेरीला शिक्षकांनी ४ नवी झाकणे द्यायची, कारण यकृत ग्लूटाथायोन सतत बनवत असते. पण एकूण साठा ४० च्या वर जाऊ द्यायचा नाही. मुलांनी प्रत्येक चिंचोक्यावर एक झाकण ठेवायचे. झाकलेली जोडी खेळातून बाद. फेरीला ३ चिंचोके आले तर साठा कितीही फेऱ्या भरलेलाच राहतो. ही झाली योग्य मात्रा. आता फेरीला २० चिंचोके द्यावेत. पहिल्या फेरीच्या अखेरीस २४ झाकणे उरतात आणि दुसरीच्या अखेरीस ८. अजून एकही चिंचोका उघडा नाही, बाहेरून पाहणाऱ्याला सारे आलबेल. तिसऱ्या फेरीत १२ झाकणे आणि २० चिंचोके, म्हणजे ८ उघडे पडले. पुढच्या फेरीपासून दर वेळी १६. खेळ पुन्हा सुरुवातीपासून खेळून दुसऱ्या फेरीपासून शिक्षकांनी ४ ऐवजी २० झाकणे द्यावीत. चिंचोके तेवढेच असूनही एकही उघडा पडत नाही. प्रत्यक्षात साठा पार संपेपर्यंत पेशी थांबत नाही, तेवढा फरक मुलांना सांगावा.

अतिमात्रेत आणखी एक अडचण होते. सल्फेटचा मार्ग लवकर तुंबतो, कारण शरीरातील सल्फेट मर्यादित असते. त्यामुळे जास्त रेणू तिसऱ्या वाटेला लागतात. सल्फेटमधला गंधकही शेवटी अन्नातील गंधकयुक्त अमिनो आम्लांतूनच येतो. म्हणजे शरीराच्या गंधकाच्या जमाखर्चाला दोन्हीकडून ओढ लागते. उपासमारीत ग्लूटाथायोनचा साठा आधीच खालावलेला असतो. दोन-तीन दिवस ताप असलेले आणि त्यामुळे काही न खाल्लेले मूल यामुळेच अधिक नाजूक ठरते. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांची स्थिती दुहेरी वाईट : दारूने सीवायपी-२-ई-१ वाढते आणि ग्लूटाथायोन घटतो.

ग्लूटाथायोनची फळी कोसळल्यावर पेशी लगेच मरत नाही. नॅपक्वी अनेक प्रथिनांना चिकटतो, पण घातक ठरते ते तंतुकणिकांतील प्रथिनांना चिकटणे. तंतुकणिका म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रे. त्यांचे काम बिघडले की ऑक्सिजनपासून उपद्रवी मूलके तयार होऊ लागतात. त्या ताणाची वर्दी जेएनके नावाच्या विकराला मिळते. ते स्वतः तंतुकणिकांवर जाऊन बसते आणि ताण कमी करण्याऐवजी वाढवते. अखेर तंतुकणिकांच्या पडद्यांना भोके पडतात, ऊर्जानिर्मिती थांबते, तेथून सुटलेली विकरे केंद्रकात जाऊन डीएनएचे तुकडे करतात आणि पेशी फुटते. यकृताच्या प्रत्येक खंडिकेत मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी सर्वांत आधी मरतात, कारण नॅपक्वी बनवणारे विकर तेथे जास्त आणि ग्लूटाथायोन कमी. या सगळ्याला तास, प्रसंगी दिवस लागतात. बिघडलेल्या तंतुकणिका आणि चिकटलेली प्रथिने गुंडाळून पचवून टाकण्याची पेशीची सोयही या काळात काम करत असते. इजा बेताची असेल तर उरलेल्या पेशी विभागून यकृत पुन्हा भरून येते.

बचावाचा एक भाग मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटतो, तो म्हणजे धोक्याची घंटा. पेशीत एनआरएफ-२ नावाचे प्रथिन असते. ते केंद्रकात पोचले तर ग्लूटाथायोन बनवणारी, तो जोडणारी आणि परके पदार्थ बाहेर काढणारी अनेक जनुके एकदम चालू होतात. एरवी कीप-१ नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि सतत नष्ट होण्यासाठी पाठवत राहते. या पहारेकऱ्याच्या अंगावर गंधकवाली सिस्टीने उघडी असतात. भुकेला रेणू ग्लूटाथायोनला चुकवून पुढे आला की तो या सिस्टीनांना चिकटतो. पहारेकऱ्याची पकड सुटते आणि एनआरएफ-२ केंद्रकाकडे निघतो. ज्या गंधकावर घाव पडायचा, तोच गंधक घंटेच्या दोरीला बांधलेला आहे! ही जोडी जपानमध्ये मासायुकी यामामोटो यांच्या गटाने १९९९ मध्ये उलगडली. २००१ मध्ये असे दिसून आले की एनआरएफ-२ नसलेल्या उंदरांचे यकृत पॅरासिटामॉलच्या तुलनेने कमी मात्रेनेही बिघडते.

पण निसर्ग नेहमी आपल्या अंदाजाप्रमाणे वागतो असे नाही. ग्लूटाथायोन जोडणाऱ्या विकरांपैकी एक, जीएसटी-पाय, काढून टाकलेले उंदीर अधिक नाजूक निघतील असेच कोणालाही वाटेल. स्कॉटलंडमधील डंडी येथे २००० मध्ये हा प्रयोग झाला, तेव्हा ते उंदीर उलट अधिक टिकाव धरणारे निघाले. नॅपक्वी आणि ग्लूटाथायोन यांची जोडी विकराच्या मदतीवाचूनही झपाट्याने जमते, हे त्यामागचे अर्धे उत्तर.

यकृतानेच विष बनवण्याचे दुसरे उदाहरण आपल्याला दुर्दैवाने जवळचे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. देशात अशा घटनांत बहुधा मिथेनॉल हे कारण असते. मिथेनॉल स्वतः तितकेसे घातक नाही. यकृतातील विकरे त्यापासून फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवतात, आणि त्याने दृष्टी जाते, प्राणही जातो. त्यातले पहिले विकर अडवणारे फोमेपिझोल हे औषध मिथेनॉलवरचा उतारा आहे. हेच औषध सीवायपी-२-ई-१ लाही अडवते, म्हणून फार मोठ्या मात्रेच्या पॅरासिटामॉल विषबाधेत नेहमीच्या उताऱ्याबरोबर ते देण्याचा विचार आणि अभ्यास सध्या चालू आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या देशातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने पॅरासिटामॉलपासून यकृताचे रक्षण’ या धर्तीचे प्रयोग उदंड होतात. उंदरांना किंवा घुशींना आठवडाभर अर्क देतात, मग पॅरासिटामॉल देतात, आणि यकृत कमी बिघडले की अर्क गुणकारी ठरतो. यातील बऱ्याच प्रयोगांबाबत मी साशंक आहे. अर्कातील एखाद्या पदार्थाने, किंवा तो ज्या द्रावकात विरघळवला त्या द्रावकानेच, सायटोक्रोम पी-४५० अडवले असेल तर नॅपक्वीच कमी बनेल. मग अर्काने रक्षण केले असे म्हणता येत नाही. विष बनलेच नाही, इतकेच. शिवाय रुग्ण दवाखान्यात येतो तो गोळ्या घेतल्यानंतर, आठवडाभर आधी काढा पिऊन नव्हे. अर्क विषानंतर दिला का आणि प्रथिनांना चिकटलेले नॅपक्वी मोजले का, हे दोन प्रश्न विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्पालाही विचारावेत. भुईआवळा आणि हळद यांच्या गुणांचा शोध जरूर घ्यावा, पण विषबाधा झालेल्या माणसाला घरी काढा देत बसणे म्हणजे हातची वेळ घालवणे होय.

उतारा मिचेल यांच्या प्रयोगांतूनच सुचला. ग्लूटाथायोन तोंडाने किंवा शिरेतून दिला तर यकृतपेशीत तो फारसा शिरत नाही. पण त्याचा कच्चा माल देता येतो. एडिंबरो येथे लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७४ मध्ये आधी सिस्टीनसारखे एक औषध वापरून पाहिले. ते लागू पडले, परंतु त्याने रुग्णांना फार उलट्या होत. नंतर त्यांनी एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हाती घेतले. छातीतला घट्ट कफ पातळ करण्यासाठी ते आधीपासून वापरात होतेच. पेशीत गेल्यावर त्यापासून सिस्टीन मिळते आणि ग्लूटाथायोन पुन्हा बनू लागतो, म्हणजे खेळातली जादा झाकणे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १०० रुग्णांच्या अनुभवाचे सार असे, की गोळ्या घेतल्यापासून ८ तासांच्या आत उतारा सुरू झाला तर यकृताची गंभीर इजा जवळजवळ पूर्णपणे टळते. त्यानंतर प्रत्येक तासाला फायदा घटत जातो. उशिरा आलेल्या रुग्णालाही तो देतातच, कारण काही उपयोग तेव्हाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही आवश्यक औषधांच्या यादीत हे औषध आहे.

आता पहिला दिवस फसवा का, हे कळेल. पहिल्या २४ तासांत थोडी मळमळ, उलटी, घाम, एवढेच होते. काहींना तेवढेही नाही. दुसऱ्या दिवशी बरे वाटल्यासारखे होते. यकृताची विकरे रक्तात चढू लागतात ती याच सुमारास, आणि कावीळ, रक्तस्राव, ग्लानी ही लक्षणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. लक्षणे दिसेपर्यंत थांबणाऱ्याचे ते ८ तास कधीच निघून गेलेले असतात. क्षेत्रफळाने आपला जिल्हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरावरील वाडीतून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचण्यातच वेळ जातो. म्हणून मात्रा ओलांडल्याचा संशय आला की रुग्ण ठणठणीत दिसत असला तरी निघावे.

आपल्याकडे अशी वेळ पुष्कळदा अजाणता येते. पॅरासिटामॉल निरनिराळ्या नावांनी मिळते : क्रोसिन, कॅलपोल, डोलो, मेटॅसिन. कॉम्बिफ्लॅममध्ये ते आयब्युप्रोफेनबरोबर असते, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते. तापाला एक, अंगदुखीला दुसरी, सर्दीला तिसरी, असे म्हणत एकच औषध तीनदा पोटात जाते. प्रौढांसाठी सर्व मिळून दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, आणि दारू पिणाऱ्या किंवा कृश माणसासाठी त्याहूनही कमी.

मुलांच्या औषधात घोटाळा वेगळाच होतो. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. पातळ औषधाच्या मोठ्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसऱ्या एका प्रकारात तेवढ्यातच २५० मिलिग्रॅम असते. मुलाला एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम पुरतात. दोन मात्रांमध्ये निदान चार तास जावेत आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा होऊ नयेत. म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. ‘एक चमचा द्या’ हे मोठ्या बाटलीबद्दल सांगितलेले घरी थेंबांच्या बाटलीला लावले, तर ५ मिलिलिटरमधून ५०० मिलिग्रॅम जातात, तेही दर काही तासांनी, आणि मूल तापाने उपाशी असताना. पालक सभेत दोन रिकाम्या बाटल्या शेजारी ठेवून त्यांवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले तर हे पाच मिनिटांत पटते.

रुग्णालयात जाताना गोळ्यांची पाकिटे किंवा बाटली बरोबर न्यावी आणि औषध किती वाजता घेतले ते लिहून न्यावे. एकाच वेळी घेतलेल्या अतिमात्रेत डॉक्टर रक्तातील पॅरासिटामॉल मोजतात आणि तो आकडा १९७५ मध्ये रुमॅक आणि मॅथ्यू यांनी तयार केलेल्या आलेखावर मांडून उतारा लागेल की नाही ते ठरवतात. आलेखाच्या आडव्या अक्षावर तास असतात आणि तो चौथ्या तासापासून सुरू होतो, कारण त्याआधी औषध आतड्यातून रक्तात येतच असते. वेळ ठाऊक नसेल, किंवा औषध दोन दिवस थोडे थोडे जास्त जात राहिले असेल, तर तो आलेख वाचता येत नाही. अशा वेळी डॉक्टर यकृताच्या तपासण्यांकडे पाहतात, आणि शंका राहिली तर निकालाची वाट न पाहता उतारा सुरू करतात.